गाईची भाकर

बैठक रविवारी ठेवली, कारण सातपूरच्या कारखान्याला रविवारी सुट्टी असते. झेंडूला कधीच नसते. पण दिवाळी होऊन गेली होती, आणि दिवाळीनंतर झेंडूचं म्हणणं कोणी ऐकून घेत नाही.

विषय एकच होता. महेशने इंदिरानगरात फ्लॅट घेतला होता. घ्यायचा विचार आहे वगैरे नाही, घेतला होता. घरात त्याने ते सांगितलं नव्हतं. पण बिल्डर माणूस हौशी निघाला. त्याने दिवाळीला मिठाईचा डबा थेट मळ्यावर पाठवला, आणि डब्यावर छापलं होतं, ‘नव्या वास्तूच्या हार्दिक शुभेच्छा’. मिठाई पोरांनी संपवली. शुभेच्छा भिमाजींनी वाचल्या.

त्यानंतर भिमाजी आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. ते एरवीही बोलत नसत, त्यामुळे हा राग आहे हे कळायला घराला निम्मा आठवडा लागला.

तर रविवारी सकाळी सगळे ओट्यावर बसले. भिमाजी खाटेवर. त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर, समाजाच्या मंडळाने मागच्या वर्षी दिलेलं ‘आदर्श एकत्र कुटुंब’ हे सन्मानचिन्ह, आणि त्याच्या शेजारी त्या निमित्ताने काढलेला घराचा फोटो. खुर्चीवर नवसाबाई, भिमाजींची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. तेव्हापासून घराची अब्रू हे खातं तिच्याकडे होतं. थोरला गोरक्ष पायरीवर, त्याची बायको सुवर्णा दारात, मांडीवर सुपात मेथी घेऊन. घरात महत्त्वाचं बोलणं निघालं की सुवर्णा मेथी निवडायला घेई. मेथी नसेल तर निवडलेलीच पुन्हा निवडे. महेश आणि योगिनी खाली सतरंजीवर, परीक्षेला बसल्यासारखे. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. ती बयाबाई, भिमाजींची बायको. तिला बैठकीला बोलवायचं राहून गेलं असं कोणी म्हणणार नाही. ते कधी सुरूच झालं नव्हतं.

“बोला,” भिमाजी म्हणाले.

भिमाजींनी सुरुवात केल्यावर पुढे काय करायचं याची घराला सवय नव्हती.

शेवटी गोरक्षने घसा साफ केला. “माझं काय नाय. तुला जायचं तर जा. पन उद्या लोक म्हणतील, गोरक्षनं भावाला हाकललं. मळ्यावर एकटाच बसला नाग होऊन.”

“भाऊ, मी अमेरिकेला नाही चाललो. इंदिरानगरला चाललोय. स्कूटरवर अर्धा तास.”

“उंबऱ्याच्या भायेर पाय पडला,” नवसाबाई म्हणाली, “की इंदिरानगर काय आन अमेरिका काय. सारखंच.”

“आत्या, फर्स्ट शिफ्ट असली की अंधारात उठून मी मोरीच्या रांगेत उभा असतो. योगिनीला कपडे बदलायचे तर आधी पोरांना बाहेर काढावं लागतं, मग तुझी जपमाळ बाहेर आणून द्यावी लागते. मला फक्त एक दार पाहिजे. आतून कडी लागणारं.”

“कडी कशाला? चोऱ्या करतो का?”

योगिनीने मान खाली घातली, पण ती हसू लपवायला घातली हे सुवर्णाला दारातून दिसलं.

सुवर्णा म्हणाली, “मी काय बोलणार बाई. मी थोरली सून.”

या वाक्यानंतर सुवर्णा पुष्कळ बोलत असे. थोरलीने राहायचं आणि धाकटीने जायचं ही कुठली रीत, पाहुण्यारावळ्यांचं कोणी बघायचं, शेवंतीच्या तोडणीला हात कुठून आणायचे, असं सगळं ती बोलली, आणि सगळं खरंच होतं. बोलली नाही ते एवढंच की धाकट्याची खोली रिकामी झाली तर आपल्या तीन पोरांना वेगळं निजवता येईल, आणि धाकटा गेला ते खपलं तर दोन-चार वर्षांत गोरक्षलाही कुठेतरी दोन खोल्या बघायला सांगता येईल. त्यामुळे ती महेशच्या विरोधात बोलत होती आणि महेश जिंकावा अशी प्रार्थना करत होती. एकत्र कुटुंबात एवढं जमावंच लागतं.

“मी काही विसरलेलो नाही,” महेश म्हणाला. “माझं आयटीआय ह्या झेंडूवर झालं. बाळ कमी दिवसांचं जन्मलं, तेव्हा वहिनीनं तिचं धाकटं पोर दुसऱ्याच्या ओटीत टाकून योगिनीजवळ हॉस्पिटलात महिना काढला. हे मी विसरेन का? पण उपकार आठवायला एकाच मोरीत अंघोळ केली पाहिजे असं कुठं आहे?”

सुवर्णाने निवडलेल्या मेथीतून एक काडी काढून टाकली. ती चांगली होती.

याच वेळी आतला भाकरीचा आवाज थांबला आणि बयाबाई दारात आली. हातांना कोपरापर्यंत पीठ. सुवर्णाला ओलांडून ती ओट्यावर आली, आणि बसली नाही.

“तुमचं झालं का?” तिने विचारलं. “मला एक सांगायचं व्हतं.”

“चहा ठेव,” भिमाजी म्हणाले.

“ठेवते नंतर. मला वेगळं व्हायचंय.”

वीज गेलेली होती. ओट्यावर अशी शांतता पसरली की विहिरीवरची मोटर बंद आहे हे सगळ्यांना ऐकू आलं.

गोरक्ष आधी हसला. “आई, वेगळा महेश व्हतोय.”

“तो हू दे नायतर राहू दे. त्याचं तो बघंल. मी माझं सांगते.”

“वेगळं म्हणजे कोणापासून?”

“सगळ्यांपासून.”

“नानांपासून पन?”

बयाबाईने खाटेकडे बघितलं. “ते सगळ्यांत येत नाय का?”

भिमाजींनी टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली. त्यांना ओळखणाऱ्यांना हे आरडाओरड्यासारखं वाटलं.

“राहणार कुठं तू?” महेशने विचारलं.

“इंजिनच्या खोलीत.”

इंजिनची खोली विहिरीच्या काठावर होती. दगडी भिंती, वर पत्रे, एक दार, एक झरोका. विजेची मोटर यायच्या आधी तिथलं ऑइल इंजिन सगळ्या मळ्याला पाणी पाजत असे. मोटर आली, इंजिन थांबलं, आणि तिथेच राहिलं. ते काढायचं दर उन्हाळ्यात ठरे. भंगारवाला दोनदा येऊन बघून, त्याच्याभोवती फिरून, चहा पिऊन गेला. आता खोलीत इंजिन, सरपण आणि एक म्हातारा साप असे तिघे राहतात असं पोरं सांगत. सापाचं निश्चित नव्हतं.

“मागं गोठ्यापाशी नवी चूल वाळतीये,” सुवर्णा एकदम म्हणाली. “दिवाळीपासून. मला वाटलं तुळशीच्या लग्नाची काही तयारी असंल.”

“माझ्या लग्नाची हाय,” बयाबाई म्हणाली. “माझ्याशीच.”

मघापर्यंत एकमेकांकडे न बघणारे दोघे भाऊ आता एकाच बाजूला सरकले. गोरक्ष पायरीवरून उठला, महेश सतरंजीवरून उठला, आणि दोघे आईसमोर शेजारी शेजारी उभे राहिले. एका माणसाने वेगळं व्हायचं म्हटल्याबरोबर घर असं एक होतं.

“आई, काय बोलतेस हे?” महेश म्हणाला. “लोक काय म्हणतील?”

हे वाक्य थोड्या वेळापूर्वी गोरक्षचं होतं. योगिनीने मान वर करून नवऱ्याकडे असं बघितलं की त्याने ते तिथेच परत घेतलं असतं, पण बोललेलं वाक्य आणि तोडलेलं फूल परत लागत नाही.

“कोणी काही बोललं का तुला?” गोरक्षने विचारलं. हे विचारताना त्याने आईकडे न बघता सुवर्णाकडे बघितलं. सुवर्णाने योगिनीकडे बघितलं. योगिनीला बघायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून तिने सन्मानचिन्हाकडे बघितलं.

“मला कोणी काय बोललं नाय. दोन्ही सुना गुणाच्या हाय. मला फक्त गरम भाकर खायचीये.”

“हात्तिच्या!” गोरक्षला एवढं हलकं वाटलं की तो परत पायरीवर बसला. “येवढंच व्हय? सुवर्णा, उद्यापासून आईला आधी वाढायचं. तव्यावरची. झालं. मिटलं.”

“मिटत नाय,” बयाबाई म्हणाली. “मंग ती गार खाईल. गार भाकर ह्या घरात कोणाला तरी खावीच लागती. ती जागा रिकामी राहत नाय.”

सुवर्णाचे हात थांबले. उद्यापासून आईला गरम वाढायचं हे ऐकल्यावर तिच्याही मनात पहिली गोष्ट हीच आली होती, आणि आपल्या मनात ती आली म्हणून तिला स्वतःची लाज वाटली होती. आता ती सासूच्या तोंडून आली, तेव्हा लाज गेली आणि तिच्या जागी जे आलं त्याला सुवर्णाकडे नाव नव्हतं. तिने सूप खाली ठेवलं.

“माझी शेवटची असती म्हणून रडत नाय मी,” बयाबाई पुढे म्हणाली. “आधी बाप्ये, मंग पोरं नि अक्का, मंग सुना, मंग मी. चालायचंच. तवर आर निवलेला असतो, भाकर मधी कच्ची राहती. ते बी चालायचं. पन ह्या दिवाळीत मी परातीपाशी बसले आन मला दिसलं. पहिली भाकर मी बाजूला काढली. कोणाची?”

“गाईची,” नवसाबाई म्हणाली. यात काय विचारायचं.

“गाय कुठंय, अक्का?”

गाय विकून चार वर्षं झाली होती. गोठ्यात आता महेशची स्कूटर लागे. पण गाय गेल्याचं भाकरीला कोणी कळवलं नव्हतं. रोज पहिली भाकर तव्यावरून उतरे, कोपऱ्यातल्या टोपलीत जाई आणि संध्याकाळी कुत्र्याला पडे. कुत्र्याची तक्रार नव्हती.

“जी गाय नाय,” बयाबाई म्हणाली, “तिचा बी नंबर माझ्या आधी.”

योगिनी हसली. चांगली मोठ्याने हसली, मग तिने दोन्ही हात तोंडावर धरले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचं होतं की कशाचं हे तिने नंतर महेशलाही सांगितलं नाही.

नवसाबाईने खुर्चीत पाय वर घेतले. अब्रूचं खातं आता उघडावंच लागणार होतं. “बया, जरा ध्यानात घे. मागल्या साली मंडळानं आपल्याला शाल घातली. नाशकातल्या सगळ्या समाजासमोर. ह्या भिंतीवर बघ. आख्खं कुटुंब. लोकं उदाहरण देत्यात आपलं. आन तू इंजिनच्या खोलीत जाऊन चूल मांडणार?”

सगळ्यांनी भिंतीवर बघितलं. फोटो वर्षभर तिथे होता आणि सगळ्यांना पाठ होता, म्हणजे कोणी तो बघितलेला नव्हता. मधोमध भिमाजी, शाल पांघरून. शेजारी नवसाबाई. मागे दोन मुलं, दोन सुना. पुढे पोरं, त्यातलं एक हललेलं.

सुवर्णाने बोटाने मोजल्यासारखं केलं. मग म्हणाली, “आई कुठंय यात?”

मंडळींनी पुन्हा बघितलं. डोळे बारीक केले. जणू बयाबाई कोणाच्या तरी मागे उभी असेल.

“मी चहा ठेवला व्हता, फोटोवाल्याला,” बयाबाई म्हणाली. “लय चांगला मानूस. दोन कप पेला. चहा चांगला झाला म्हनून मला सांगायला आत आला व्हता.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सगळ्यांना सोपं गेलं असतं; रागाला उत्तर देता येतं. तिला खरोखर त्या फोटोवाल्याचं बरं वाटलं होतं.

भिमाजी उठले. चपला पायात सारल्या आणि कोणाकडे न बघता विहिरीच्या दिशेने चालू लागले.

“नाना चिडले,” गोरक्ष म्हणाला.

“चिडू दे,” बयाबाई म्हणाली, पण तिने पिठाचे हात पदराला पुसले. पीठ असताना ती कधी पदराला हात लावत नसे. तेवढ्यावरून सुवर्णाला समजलं की सासूला भीती वाटते आहे.

मग बयाबाई प्रथमच खाली बसली. नवसाबाईच्या खुर्चीपाशी, जमिनीवर.

“अक्का, तुम्ही तरी वंगाळ वाटून घेऊ नका. तुम्ही हितं परत आल्या त्या साली मला टायफाइड झाला. सासू म्हनली माहेरी धाडा. तुम्ही माझं डोकं मांडीवर घेतलं आन उठलाच नाय. नायतर मी तवाच गेले असते. ते मी रोज आठवते. देवाचं नाव घ्यायच्या आधी तुमचं घेते, खोटं नाय सांगत. माझ्या माहेरी आम्ही दोघीच, मी आन माय. भाकर तव्यावरची खायचो, पन समोर बोलायला कोणी नसायचं. हितं आले तर बोलायला सगळं गोकुळ, आन भाकर गार. मी म्हनते, एका जल्मात दोन्ही मागू नाय असं कुठं लिवलंय का?”

नवसाबाईला आठवत होतं ते वेगळंच होतं. नवरा गेल्यावर एक पेटी घेऊन ती या ओट्यावर आली, तेव्हा तिला ठाऊक होतं की माहेरी परतलेल्या विधवेच्या ताटात काय पडतं. शेजारच्या मळ्यातली फकिराची बहीण तशीच परत आली होती. ती चुलीमागे बसून करवंटीतून खाई. नवसाबाईने पहिल्या दिवशी मुद्दामच सगळ्यांचं झाल्यावर आत पाऊल टाकलं. तर बयाबाईने, तेव्हा ती कोवळी पोरच होती, तिला पोरांच्या पंगतीत बसवलं आणि तव्यावरची भाकर ताटात टाकली. दुसऱ्या दिवशीही. मग रोज. इतकी वर्षं. नवसाबाईने त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. आपल्या ताटातली गरम भाकर कोणाच्या वाटणीची होती, हा हिशेब तिने आज पहिल्यांदा केला. तो अवघड नव्हता.

“त्या खोलीचे पत्रे फुटल्यात,” नवसाबाई म्हणाली. “आधी पत्रे बदलून घे. मंग जा.”

“आत्या!” गोरक्ष आणि महेश एकदम म्हणाले.

“आत्या काय? थंडीत बायकू मानूस फुटक्या पत्र्याखाली निजंल का? म्हने आत्या.” आणि तिने खुर्चीतले पाय खाली घेतले. खातं बंद झालं होतं.

तिकडे भिमाजी इंजिनच्या खोलीच्या दारात उभे होते.

ते चिडले नव्हते. त्यांना पहिल्या क्षणी एकच प्रश्न पडला होता, तो म्हणजे मग मी जेवणार कुठे, आणि हा प्रश्न चारचौघांत तोंडातून जाईल या भीतीने ते उठून आले होते. आता खोलीत डिझेलचा तो जुना वास आला, अजून थोडासा शिल्लक असलेला, आणि त्यांना दुसरंच काही आठवलं.

तरुणपणी पाण्याची पाळी असली की ते इथे येत. इंजिन सुरू करायला फार वेळ लागत नसे. बारं धरायला, म्हणजे वाफ्यांत पाणी वळवायला, गडी असे. तरी ते तासन्‌तास इथे बसत, दारापाशीच्या दगडावर, इंजिनच्या धडधडीत. घरी बाप ओरडत असे, बहीण रडत असे, पोरं आजारी असत. इथे काही ऐकू येत नसे. घरात कोणी विचारलं तर उत्तर तयार होतं, पाणी देत होतो. मळ्याला किती पाणी लागतं हे बयाबाईला चांगलं कळत होतं. माळ्याचीच पोर ती. तिने कधी विचारलं नाही. भिमाजींना आतून कडी लागणारी खोली आयुष्यभर होती. तिला नाव कामाचं होतं, एवढंच.

ते परत आले तेव्हा ओट्यावर कोणाचा जीव थाऱ्यावर नव्हता. भिमाजींनी पायरीपाशी चपला काढल्या नाहीत.

“पहार काढ,” ते गोरक्षला म्हणाले. “दोर बी घे. जाड.”

“कशाला, नाना?”

“इंजिन काढायचंय.”

एवढंच ते बोलले. बयाबाई जमिनीवरून उठली आणि आत गेली, आणि आत जाऊन काय केलं ते कोणी बघायला गेलं नाही. बाहेर ऐकू आलं ते एवढंच की चहाचं आधण पडलं.

इंजिन काही सहजासहजी निघणारं नव्हतं. बोल्ट गंजून पायाशी एकजीव झाले होते. गोरक्ष पहारेवर लोंबकळला. महेशने कारखान्याच्या अकलेने पाइपाचे तुकडे शोधून आणले, खाली सरकवायला. ते सरकवण्यासाठी इंजिन बोटभर उचलावं लागणार होतं, आणि बोटभर उचलायला दोघे पुरेनात. भिमाजी लागले. सुवर्णाने पदर खोचला. योगिनीने ओढणी कमरेला बांधली. नवसाबाईला खुर्ची आणून दिली, आणि ती “डावीकडं! आरं, डावीकडं!” असं ओरडत राहिली, तिच्या डावीकडून. पत्र्याखालचा साप असलाच तर तो या आवाजाने कायमचा गेला असावा. एका बाईला वेगळं राहता यावं म्हणून अख्ख्या घराला इतकं एकत्र यावं लागलं, जितकं ते मंडळाच्या शालीखालीसुद्धा आलं नव्हतं.

“फ्लॅट कितव्या मजल्यावर?” दोर खेचता खेचता गोरक्षने विचारलं.

“तिसऱ्या.”

“लिफ्ट?”

“आहे.”

“हां. मंग आत्या येईल चतुर्थीला. जिना नसता चढली.” आणि थोड्या वेळाने, “कडी चांगली बघून लाव. तिकडं चोऱ्या लय.”

महेशने दोराला हिसका दिला. भावाने फ्लॅटला दिलेली ती परवानगी होती. गोरक्षने ती कडीच्या रूपाने दिली, कारण साध्या रूपात देण्याची घराण्यात पद्धत नव्हती.

दुपार कलताना इंजिन दारातून बाहेर पडलं आणि जांभळीखाली जाऊन बसलं. ते आजही तिथेच आहे. तिथून पुढे न्यायचं दर उन्हाळ्यात ठरतं.

चहा घेऊन बयाबाई आली, तेव्हा सगळे विहिरीच्या काठावर धुळीत बसले होते, काळे हात घेऊन. तिने सगळ्यांना कप दिले आणि अट सांगितली. “ज्याचं दार त्याचं. झेंडू मातर सगळ्यांचा. दसऱ्याला नि दिवाळीला मी बी येणार, हा इंदिरानगरवाला बी येणार. शिफ्ट फिफ्ट मला सांगायची नाय.”

“येणार,” महेश म्हणाला. “सुट्टी टाकीन.”

“आई,” योगिनी जवळ सरकली, “मला अजून भाकरी थापता येत नाही. तिकडे कोण शिकवणार?”

“पोळ्या लाट. एक ध्यानात ठेव. सगळ्यांना वाढ, पन आठवड्यातून एकदा पहिली पोळी आपुन खायची. महेश मरत नाय तेवढ्यानं.”

महेश मरत नाही असं महेशनेही मान हलवून सांगितलं.

संध्याकाळी मोठ्या घरात सुवर्णाने भाकरी टाकल्या. गोरक्ष ताटावर बसला, त्याने टोपलीकडे सवयीने बघितलं, टोपली रिकामी होती.

“पहिली कुठंय?”

“गाईनं खाल्ली,” सुवर्णा म्हणाली. तिच्या ओठाला पीठ होतं.

“कोणत्या गाईनं?”

सुवर्णाने दुसरी भाकर त्याच्या ताटात टाकली. गरम होती. गोरक्षने पुढे विचारलं नाही.

विहिरीवरच्या खोलीत नव्या चुलीने पहिल्यांदा धूर केला, मग पेट घेतला. फुटक्या पत्र्याच्या जागी गोरक्षने तात्पुरता प्लॅस्टिकचा कागद बांधला होता. बयाबाईने परातीत बाजरीचं पीठ घेतलं, पाणी घातलं, मळायला लागली, आणि मळता मळता थांबली. परात काठोकाठ भरली होती. हाताने अकरा माणसांचं पीठ घेतलं होतं. एकटीचं माप हाताला कधी शिकवलेलंच नव्हतं. ती त्या ढिगाकडे बघून एकटीच हसली, आणि एकटीच हसता येतं याचं तिला थोडं नवल वाटलं. बाकीचं सकाळी सुवर्णाकडे पाठवता येईल. नाहीतर कोण ना कोण येईलच.

पहिली भाकर तव्यावर टाकली. ती फिरवली, आरावर उभी धरली, टम्म फुगली. बयाबाईने ती उचलली आणि डाव्या हाताला, कोपऱ्यात, बाजूला ठेवली.

ठेवल्यावर तिला कळलं की आपण काय केलं.

दारात कोणीतरी उभं होतं. भिमाजी. हातात स्वतःचं ताट, तांब्या काखेत. ते आत आले नव्हते. उंबऱ्याबाहेर उभे होते, आणि टोपी काढलेली होती.

“ती गाईची का?” त्यांनी विचारलं.

बयाबाईने कोपऱ्यातली भाकर उचलली. अजून वाफ निघत होती.

“नाय,” ती म्हणाली. “माझी.”

भिमाजींनी मान डोलवली. “मी बसू का हितं?”

लग्नानंतर त्यांनी तिला विचारलेला हा बहुधा पहिलाच प्रश्न होता ज्याला नाही म्हणता आलं असतं. बयाबाईने थोडा विचार केला, केवळ करता येत होता म्हणून.

“बसा. दुसरी तुमची. थांबावं लागंल.”

भिमाजी उंबऱ्याबाहेर, इंजिनच्या जुन्या दगडावर बसले. ताट मांडीवर घेतलं. बयाबाईने भाकर मोडली, बोटं पोळली, फुंकर घातली, ठेच्याला लावली आणि पहिला घास तोंडात घातला. भिमाजी बघत होते. तव्यावर दुसरं काही नव्हतं, आणि त्यांना घाई नव्हती. आजवर किती भाकरी अशा गरम आपल्या ताटात पडल्या, हे मोजता येणार नव्हतं. पण त्यातली एकही आठवत नाही, एवढं त्यांना आता कळलं. ही आठवणार होती, आणि ही त्यांची नव्हती.

“कशी झाली?” त्यांनी विचारलं. स्वतः न खाल्लेल्या भाकरीबद्दल त्यांनी आयुष्यात कधी काही विचारलं नव्हतं.

बयाबाईच्या तोंडात घास होता. तोंडातला घास नीट चावून संपेपर्यंत कोणालाही उत्तर द्यायचं नाही, एवढं वेगळेपण तिने त्या संध्याकाळी घेतलं. आणि भिमाजी ताट धरून बसून राहिले.